संक्रांत वेल इंदुरात: डिसेंबरचं ऊन पाहा, मग खड्डा खणा

इंदुरात डिसेंबर उजाडला की काही कुंपणांवर, गच्चीच्या कठड्यांवर नारिंगी फुलांचे घोसच्या घोस लोंबायला लागतात. ती संक्रांत वेल. मूळची ब्राझील आणि आसपासच्या देशांतली, पण माळव्यात चांगली रुळली आहे. फूल अडीच-तीन इंच लांब नळीचं, तोंडाशी पाच पाकळ्या मागे वळलेल्या, आणि एकेका घोसात पंधरा-वीस फुलं. ऐन थंडीत, बागेत बाकी फारसं काही फुलत नसताना तिचा बहर असतो, आणि जांभळे शिंजीर पक्षी दिवसभर तिच्यावर असतात.

तरीही दर वर्षी कितीतरी घरांत ही वेल नुसती पानांनी गच्च भरते आणि फुलत नाही. कारण बहुतेक वेळा एकच असतं. लागवड होते जुलैत आणि फुलं यायची असतात जानेवारीत. माणूस पावसाळ्यातलं ऊन, पावसाळ्यातली जमीन बघून जागा ठरवतो. या वेलीचं सगळं वेळापत्रक मात्र संक्रांतीपासून उलटं मोजावं लागतं: जागा, छाटणी, खत, पाणी, सगळंच. एवढं ध्यानात ठेवलं तर नवख्या माणसालाही ही वेल सहज जमते.

नर्सरीत हीच वेल मिळाली का, हे ओळखा

नर्सरीत हिला ‘गोल्डन शॉवर’, ‘फ्लेम वाइन’ किंवा नुसतंच ‘बिग्नोनिया’ म्हणतात. ‘ट्रम्पेट वाइन’ या एका नावाखाली तर तीन-चार वेगवेगळी झाडं विकली जातात, म्हणून नावावर जाऊ नका, पान बघा.

संक्रांत वेलीच्या एका देठावर दोन किंवा तीन पर्णिका, म्हणजे छोटी पानं, असतात. कडा साध्या, दाते नाहीत. जिथे दोनच पर्णिका असतात तिथे मधल्या तिसरीच्या जागी एक बारीक तणावा निघतो आणि टोकाला त्याचे तीन फाटे होतात. या तणाव्यांनीच वेल आधार पकडते. हा तणावा दिसला नाही तर रोप घेऊ नका. पाच ते नऊ दातेरी पर्णिका असतील आणि तणावा नसेल तर ती टेकोमा किंवा केप हनीसकल असण्याची शक्यता जास्त. ती झुडपं आहेत, वेली नाहीत. दातेरी पानं आणि पेरांपाशी भिंतीला चिकटणारी बारीक मुळं दिसली तर ते कॅम्पसिस, म्हणजे अमेरिकेतली किंवा चीनमधली ट्रम्पेट वेल. तीही सुंदर असते, पण ती उन्हाळ्या-पावसाळ्यात फुलते, थंडीत पानं गाळते, मुळांतून लांब लांब फुटवे काढते आणि तिचा चीक काही जणांच्या त्वचेला खाजतो. या लेखातलं वेळापत्रक तिला लागू नाही.

सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे जानेवारीत, फुलावर असलेलं रोप बघून ठेवणं किंवा तेव्हाच घेऊन ठेवणं. रोप दोन-तीन फुटांचं, बुडातून दोन-तीन फांद्या निघालेलं असावं. पिशवीच्या भोकांतून जाड मुळं बाहेर येऊन जमिनीत रुतलेली असतील तर ते रोप सोडा. उपटताना ती मुळं तुटतात आणि रोप महिनाभर मान टाकून बसतं.

जागा: इथेच निम्मं काम होतं

तिला रोज किमान सहा तास थेट ऊन हवं, आणि तेही ऑक्टोबर ते जानेवारीत, कारण कळ्या तेव्हा धरतात. इंदूर कर्कवृत्ताच्या जेमतेम खाली आहे. जूनमध्ये भर दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो, आणि सकाळ-संध्याकाळ तर उत्तरेकडून ऊन येतं. त्यामुळे घराच्या उत्तरेकडची भिंतही पावसाळ्याच्या तोंडाशी उन्हात न्हालेली दिसते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तोच सूर्य दुपारी बारा-साडेबाराला दक्षिणेकडे क्षितिजापासून साधारण 44 अंशांवर असतो. हिशोब सोपा आहे: तेव्हा भर दुपारी कुठल्याही भिंतीची सावली तिच्या उंचीइतकीच, किंचित जास्तच लांब पडते. दहा फुटांच्या भिंतीमागे साडेदहा फूट. बावीस फुटांच्या दुमजली घरामागे तेवीस फूट. सकाळी नऊला आणि दुपारी चारला त्याहून कितीतरी लांब.

म्हणजे घराच्या उत्तरेला दहा फुटांचं मोकळं अंगण असेल तर हिवाळाभर तिथे ऊन उतरतच नाही. दक्षिण किंवा पश्चिमेचं कुंपण उत्तम. पूर्वेकडचं चालतं, समोर शेजाऱ्यांचा दुसरा मजला उभा नसेल तर.

जुलैत डिसेंबरचं ऊन कसं बघायचं? याला एक जुनी, पक्की युक्ती आहे. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो, त्यामुळे उन्हाळ्यातल्या पौर्णिमेचा चंद्र आकाशात साधारण त्याच वाटेने जातो ज्या वाटेने हिवाळ्यात सूर्य जातो. चार-पाच अंशांचा फरक पडतो, पण आपल्या कामाला तो चालतो. वटपौर्णिमेच्या रात्री, ढग दाटायच्या आत, दहा वाजता, मध्यरात्री आणि पहाटे दोनला अंगणात चांदणं कुठे पडतंय ते बघा आणि तिथे खडूने खूण करा. तिन्ही वेळांना जिथे चांदणं आहे तिथे हिवाळ्यात ऊन आहे. तेवढं जागायचं नसेल तर दुपारी त्या जागेवर दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा आणि हात क्षितिज आणि डोक्यावरचं आकाश यांच्या बरोबर मध्यावर धरा. हाताच्या रेषेच्या वर कुठलं झाड किंवा इमारत येत असेल तर डिसेंबरात ते ऊन अडवणार.

आणखी तीन गोष्टी टाळायच्या. विजेच्या तारा आणि खांब, एसीचं बाहेरचं युनिट आणि त्याचे पाइप, आणि कवेलूचं छप्पर. वेल कवेलूंच्या सांध्यांत शिरते, फांदी जाड झाली की कवेलू उचलले जातात आणि पुढच्या पावसात घर गळतं. जिवंत झाडावरही चढवू नका. आंब्या-कडुनिंबाच्या शेंड्यावर ती असा दाट थर करते की खालच्या पानांना ऊनच मिळत नाही. ऑस्ट्रेलियाच्या काही भागांत तिला तण मानतात ते याच स्वभावामुळे.

काळी माती आणि पाण्याचा निचरा

इंदूरची काळी माती सकस आहे, ओल धरते, आणि तिच्यात पालाश (पोटॅश) सहसा भरपूर असतं. तिचा एकच दोष या वेलीला मारतो: पावसाळ्यात ती फुगून बंद होते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. आणि इथेच चांगल्या मनाने केलेली चूक होते. माणूस काळ्या मातीत दोन फुटांचा खड्डा खणतो, सगळी माती फेकतो आणि त्यात कोकोपीट, वाळू, खत असं हलकं मिश्रण भरतो. पहिल्या मोठ्या पावसात चहूकडचं पाणी त्या मोकळ्या मिश्रणात उतरतं आणि बाजूच्या चिकण भिंतींमुळे तिथेच साचून राहतं. दहा दिवसांत मुळं सडतात. वर पानं पिवळी पडतात, माणसाला वाटतं पाणी कमी पडलं, आणि तो आणखी पाणी घालतो.

म्हणून आधी परीक्षा घ्या. मे-जूनमध्ये दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा खणा आणि आठ-दहा दिवस उन्हात तापू द्या. मग काठोकाठ पाणी भरून जिरू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा, एक काठी उभी रोवून पाण्याच्या पातळीची खूण करा आणि तासाभराने बघा. इंचभर किंवा जास्त उतरलं तर निचरा ठीक आहे. अर्ध्या इंचाहून कमी उतरलं तर खड्ड्याच्या तळात पहारीने चार-पाच ठिकाणी फूटभर खोल भोकं पाडा. उंचावरच्या वसाहतींत खाली मुरूम लागतो आणि पाण्याला वाट मिळते. सखल भागात मुरूम लवकर लागत नाही. तिथे खड्ड्याचा नाद सोडा. जमीन फक्त नऊ इंच खोल खोदून मोकळी करा आणि वर तीन फूट लांब-रुंद, फूटभर उंच विटांचा वाफा करून त्यात लावा. विटा सिमेंटने जोडू नका, नुसत्या रचा, म्हणजे सांध्यांतून पाणी निघून जाईल.

नव्या घराच्या जोत्यालगत खणताना मलबा लागतो का ते नीट बघा. सिमेंट-चुन्याचे तुकडे मातीचा सामू (पीएच) वाढवतात, आणि मग मातीत लोह असूनही वेलीला ते घेता येत नाही. कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसतं. मलबा निघाला तर तो पूर्ण काढा किंवा दोन फूट पुढे सरका.

दोन फुटी खड्ड्याला, वरचा उंचवटा धरून, साधारण अठरा घमेली मिश्रण लागतं:

- खड्ड्यातलीच काळी माती, ढेकळं फोडून: 8 घमेली
- बारीक मुरूम किंवा जाड वाळू: 5 घमेली
- पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट: 5 घमेली
- निंबोळी पेंड: अर्धा किलो
- सिंगल सुपर फॉस्फेट: 250 ग्रॅम

सुपर फॉस्फेटमधलं स्फुरद (फॉस्फरस) पुढे वरून टाकलं तर काळ्या मातीत तिथल्या तिथे अडकून बसतं, म्हणून ते आत्ताच, मुळांच्या पातळीवर मिसळायचं. वाळू बांधकामाची असेल तर धुऊन घ्या. शेणखत हाताला गरम लागत असेल किंवा शेणाचा वास येत असेल तर ते अजून कच्चं आहे. त्याने वाळवी आणि हुमणी दोन्ही येतात.

खत घरी करायचं असेल तर इंदूरकरांना दूर जायला नको. कंपोस्टची जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाणारी रीत याच गावात बसवली गेली. 1924 मध्ये इथे सुरू झालेल्या वनस्पती उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी ती विकसित केली आणि 1931 मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तत्त्व साधं आहे: वाळला पाला, हिरवा कचरा, शेण आणि थोडी माती-राख यांचे थर, ओल पिळलेल्या फडक्याएवढी, आणि तीन महिन्यांत तीनदा उलथापालथ. वेलीच्या छाटणीचा पालाही त्यात जातो, फक्त काड्या बोटभर तुकडे करून टाका.

लागवड

पहिले दोन-तीन चांगले पाऊस पडून जमीन खोलवर भिजली की लावा, म्हणजे साधारण जूनअखेर ते जुलै. फेब्रुवारीतही लावता येते, पण मग पहिलाच उन्हाळा सांभाळावा लागतो.

मिश्रण भरल्यावर ते जमिनीपासून सहा-आठ इंच उंच राहिलं पाहिजे. पाऊस पडला की ते बसतं, आणि बसल्यावरही तीन-चार इंचांचा उंचवटा उरायला हवा. रोप भिंतीपासून किंवा खांबापासून दीड फूट पुढे लावा. अगदी भिंतीलगत माती कोरडी आणि चुनखडी असते. संध्याकाळी पिशवी ब्लेडने उभी कापा, मातीचा गोळा फुटू देऊ नका. गोळ्याची वरची बाजू आजूबाजूच्या मातीच्या इंचभर वर राहील असं बसवा आणि रोप आधाराकडे तिरकं कलतं करा. माती हाताने दाबा, पायाने नको. आठ-दहा लिटर पाणी द्या. चार फुटांची कामटी रोवून सुतळीने सैल बांधा. दोन रोपांत आठ ते दहा फूट अंतर ठेवा. बारा फुटांच्या कुंपणाला एकच वेल पुरते.

कुंडीत लावायची तर वीस इंची कुंडी किंवा साठ लिटरचा अर्धा ड्रम घ्या, तळाला पाच-सहा भोकं पाडा. बारा इंची कुंडीत ती जगते, पण बहर असा येत नाही.

आधार आणि वळण

आधार लागवडीच्या आधी तयार असावा. नंतर वेल उचलून आधार घालायला गेलात की फांद्या तुटतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी ओल्या वेलीचं वजन बरंच होतं, त्यामुळे प्लास्टिकची जाळी किंवा कोंबड्यांची पातळ जाळी चालत नाही. बांबू दोन पावसाळ्यांत कुजतो. भिंतीवर दर पाच-सहा फुटांवर लोखंडी हूक ठोका आणि त्यांतून 10 गेजची जीआय (जस्त चढवलेली) तार आडवी ताणा. पहिली तार जमिनीपासून दोन फुटांवर, पुढच्या दीड-दीड फुटावर. भिंत आणि तार यांत तीन-चार इंच फट हवी. वारा खेळला नाही तर मिलीबग ही कीड बसते आणि भिंत रंगवताना हातही शिरत नाही. तणावे बोटाएवढ्या जाड पाइपाला नीट धरत नाहीत, तार किंवा वेल्डेड जाळीला लगेच धरतात. गुळगुळीत प्लास्टर रंगवलेल्या भिंतीवर वेल आपोआप चढेल असं समजू नका.

आता वळण. सरळ वर जाऊ दिली तर वेल दोन महिन्यांत गच्ची गाठते, सगळी फुलं वर शेजाऱ्यांना दिसतात आणि तुमच्या वाट्याला खालच्या उघड्या काड्या. रोप दोन फुटांचं झालं की शेंडा खुडा. त्याखालून जे फुटवे येतील त्यातले तीन-चार दमदार ठेवा आणि पंख्यासारखे पसरून तारांवर आडवे बांधा. आडव्या फांदीच्या प्रत्येक डोळ्यातून फुटवा निघतो, आणि फुलं याच नव्या फुटव्यांच्या टोकाला येतात. पहिल्या पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी दहा मिनिटं या कामाला द्या. कोवळ्या फांद्या वळतात. पिकल्या की कडकन मोडतात.

संक्रांतीपासून उलटं मोजलेलं वर्ष

*फेब्रुवारीअखेर ते मार्चचा दुसरा आठवडा: मोठी छाटणी.* बहर ओसरला की लगेच. फुलून गेलेली एक फांदी हातात धरून बघा. टोकाला वाळलेला घोस, त्याखाली पानांच्या जोड्या, आणि प्रत्येक पानाच्या बगलेत ज्वारीच्या दाण्याहून लहान हिरवा डोळा. फांदी मुख्य खोडाला जिथे मिळते तिथून दोन जोड्या मोजा आणि दुसऱ्या जोडीच्या वर पाव इंच सोडून धारदार सिकेटरने तिरका काप द्या. सगळ्या फुललेल्या फांद्यांना हेच. तारांवर बांधलेला मुख्य सांगाडा तसाच राहतो. वाळक्या, आत वाढलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या बुडातून काढा. गुंता ओढून काढायचा नाही, तुकडे तुकडे करून सोडवायचा, नाहीतर चांगल्या फांद्यांची साल निघते. छाटणीनंतर आळ्यात पाच किलो कंपोस्ट आणि 200 ग्रॅम निंबोळी पेंड मिसळा.

*एप्रिल ते जून.* आळं खोडापासून दीड फूट लांब, गोल. पहिल्या वर्षीच्या रोपाला दर तीन दिवसांनी दहा-बारा लिटर, जुन्या वेलीला आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस लिटर. रोज तांब्याभर पाण्याने मुळं वरच राहतात. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते आणि त्या भेगा मुळं तोडतात, म्हणून वाळल्या पानांचा किंवा गव्हाच्या भुश्याचा तीन इंच थर द्या. खोडाला मात्र तो चिकटू देऊ नका. बोअरचं पाणी जड असेल तर अधूनमधून नर्मदेचं पाणी भरपूर द्या, म्हणजे साचलेले क्षार खाली जातील.

*जुलै.* आळं मोडून टाका, खोडाभोवती उतार करा, पाणी बाहेर वाहून जाऊ द्या. पावसाने उघडीप दिली की 10:26:26 हे मिश्र खत साठ ग्रॅम, खोडापासून फूटभर लांब गोलाकार. पानांनी गच्च झालेल्या वेलीला तेही नको.

*ऑगस्टचा दुसरा आठवडा: शेंडे खुडण्याची शेवटची तारीख.* यानंतर कात्री कपाटात. गणपतीत दारापुढे वेल फार पसरलेली दिसते, दिवाळीच्या साफसफाईत हात शिवशिवतात, आणि नेमकी तेव्हाच जानेवारीची फुलं कापली जातात. फांदी वाटेत येत असेल तर बांधा, कापू नका. दिवाळीची छाटणी आणि उत्तरेची सावली, वेल न फुलण्याची कारणं शोधायची तर या दोन ठिकाणी आधी बघा.

*सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर: ताण.* संत्रा-डाळिंबाचा बहर धरणारे जसं पाणी तोडतात तसंच, पण सौम्य. जमिनीतल्या जुन्या वेलीला बारा-पंधरा दिवसांनी एकदाच पाणी. दुपारी पानं किंचित मलूल झाली आणि संध्याकाळी पुन्हा ताठ झाली तर ताण योग्य आहे. सकाळीही मलूल असतील तर पाणी द्या. युरिया, शेणस्लरी, लॉनला टाकलेलं खत, काहीही नत्र (नायट्रोजन) या काळात मुळांपर्यंत जाऊ देऊ नका. लॉनच्या कडेला लावलेली वेल फुलत नाही ती बहुधा याच कारणाने. कुंडीतल्या वेलीला मात्र ताण जपून द्या, आणि सप्टेंबरात सल्फेट ऑफ पोटॅश पंधरा ग्रॅम. जमिनीतल्या वेलीला इथल्या काळ्या मातीत त्याची सहसा गरज पडत नाही.

*कळ्या दिसल्यावर.* फांद्यांच्या टोकाला आधी बारीक हिरवे दाणे दिसतात, मग ते लांबट होत पिवळसर आणि शेवटी नारिंगी होतात. हिरवे दाणे दिसले की ताण संपवा, पण हळूहळू: पहिल्या वेळी दहा लिटर, चार दिवसांनी पंधरा, मग आठवड्याला एकदा वीस. कोरड्या जमिनीत एकदम पाइप सोडला तर कळ्या गळतात.

कटिंगपासून केलेल्या रोपाला पहिल्या संक्रांतीला दोन-चार घोस आले तरी पुष्कळ. दुसऱ्या वर्षी कुंपण सजतं. भरगच्च बहर तिसऱ्या वर्षापासून.

काय बिघडतं आणि का

ऑगस्टमध्ये पान पिवळं पडलं की आधी कोणतं पान ते बघा. खालची जुनी पानं सगळीच्या सगळी पिवळी, फांद्या मलूल आणि माती ओली, तर मुळांशी पाणी साचलंय. खोडापासून दोन फुटांवर फूटभर खोल चर काढून पाणी उताराकडे न्या, खत अजिबात देऊ नका. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोहाची कमतरता आहे. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट आणि एक ग्रॅम सायट्रिक आम्ल, ताजं कालवून, सकाळी लवकर पानांवर फवारा, दहा दिवसांनी पुन्हा. भिंतीवर उडाल्यास तांबूस डाग पडतात, मागे पुठ्ठा धरा. दर वर्षी तेच होत असेल तर मातीतून इडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह द्या. स्वस्त इडीटीए चुनखडीच्या मातीत फार टिकत नाही.

मिलीबग पेरांच्या खाचांत कापसासारखा दिसतो, आणि त्याच्याकडे मुंग्यांची रांग लागलेली असते. थोडा असेल तर जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासा. पसरला असेल तर लिटरला पाच मिलि निंबोळी तेल आणि एक मिलि पातळ साबण, संध्याकाळी, आठवड्याच्या अंतराने तीनदा. मुंग्यांची वाट बंद केल्याशिवाय तो जात नाही. मुंग्याच त्याला नव्या फांद्यांवर नेतात. मे महिन्यात पानं धुरकट, करडी दिसली आणि मागे बारीक जाळं असलं तर लाल कोळी. पाइपच्या जोरदार पाण्याने पानांच्या मागच्या बाजू दोन-तीन दिवसाआड धुतल्या की बहुतेकदा काम होतं. कळ्यांवर मावा आला तरी पाणीच मारा. फुलं उमलल्यावर कुठलंही औषध फवारायचं नाही. शिंजीर आणि मधमाश्या त्याच नळ्यांत चोच-सोंड घालतात.

जानेवारीच्या थंडीच्या लाटेत इंदुरात कोवळी टोकं कधी करपतात. ती तशीच राहू द्या, मार्चच्या छाटणीत जातील. ग्वाल्हेरला थंडी आणि धुकं दोन्ही जास्त, तिथे वेल दक्षिणेच्या भिंतीलाच लावा आणि छाटणी मार्चच्या मध्यापर्यंत थांबवा. बडोद्याला करपण्याची भीती फारशी नाही.

नवी रोपं

आपल्याकडे तिच्या शेंगा क्वचितच धरतात, म्हणून रोपं फांदीपासूनच करायची. मार्चच्या छाटणीतल्या पेन्सिलएवढ्या जाड, धड कोवळ्या नाहीत धड जून नाहीत अशा फांद्यांचे सात-आठ इंची तुकडे घ्या. प्रत्येकावर तीन-चार पेरं हवीत. खालचा काप पेराच्या लगेच खाली, तिरका. वरची दोन पानं ठेवा आणि तीही अर्धी कापा. खालच्या टोकाला मुळं फुटण्यासाठी मिळणारी पावडर (रूटिंग हार्मोन) लावून वाळू-कोकोपीट निम्मं-निम्मं भरलेल्या पिशवीत दोन पेरं आत जातील असं रोवा, वरून पारदर्शक पिशवी झाका, सावलीत ठेवा. पाच-सहा आठवड्यांत मुळं धरतात. सगळे तुकडे लागत नाहीत, म्हणून हवीत त्याच्या दुप्पट लावा.

दाब कलम याहून सोपं. जुलैत जमिनीजवळची एक फांदी वाकवा, पेराच्या खालच्या बाजूला सालीला इंचभर तिरकी खाच द्या, खाचेत काडी अडकवा, तो भाग तीन इंच मातीत पुरून वर वीट ठेवा. शेंडा बाहेर राहू द्या. दसऱ्याच्या सुमारास वीट उचलून फांदी हळूच ओढून बघा. घट्ट धरली असेल तर आईवेलीच्या बाजूने निम्मी कापा, दहा दिवसांनी पूर्ण, आणि आणखी दोन आठवडे तिथेच राहू देऊन मग मातीच्या गोळ्यासकट उचलून पिशवीत भरा. हे रोप हिवाळाभर अर्ध्या उन्हात ठेवून फेब्रुवारीत किंवा पुढच्या जुलैत जमिनीत लावता येतं.